भर उन्हात खांबावर लाइट चालू, आणि म्हणे तक्रार निकाली

निघाली एकदाची माझी तक्रार निकाली. सकाळी दहाच्या सुमाराला मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे." खाली पुरावा म्हणून फोटो. फोटोत आमच्या गल्लीचा खांब आणि खांबावर लागलेला दिवा. दिवा लागलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्या मागं ऊन आहे हो! चैत्रातलं, रखरखीत, डोळ्यावर हात धरायला लावणारं ऊन. कोपऱ्यात आमची गच्ची दिसतेय, गच्चीवर जुन्या साडीवर मी वाळत घातलेल्या कुरडया दिसताहेत. फोटो काढणाऱ्याचा अंगठाही आलाय. तक्रार काय होती? "रात्री अकरानंतर गल्लीत पूर्ण अंधार असतो." उत्तर काय? कुरडया.

वर पाच चांदण्या. "आमच्या सेवेला गुण द्या." एकही चांदणी द्यायची नाही अशी सोयच नाही त्या अ‍ॅपात, एक तरी द्यावीच लागते. कोणी बनवतं हे?

आता हे झालं कसं, तर खर्चात बचत. पथदिव्यांचं वीजबिल परवडेना, म्हणून ठराव झाला की गल्लीबोळातले दिवे रात्री अकराला बंद. मेन रोडचे चालू. चौकातला हायमास्ट चालू. डिव्हायडरवरच्या तिरंगी पट्ट्या तर काय, चालूच चालू. बंद फक्त तिथं, जिथं माणसं राहतात. बरं, बंद करायला माणूस ठेवायचा तर पगार, म्हणून टायमर बसवले. आणि टायमर कसले, तर लाइट गेली की त्यांचं घड्याळही थांबतं! मराठवाड्यात लाइट जाते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने हे सामान घेतलं असणार. दुसरं काय म्हणू? रोज तास-दोन तास जातेच, त्यात मधी अवकाळीचं वादळ झालं, वायरी तुटल्या, पार दुसऱ्या दिवसापर्यंत लाइट नव्हती. टायमर तेवढा मागं पडला. संध्याकाळी साडेसहा ते अकराचा हिशेब घसरत घसरत सकाळी सात ते साडेअकरावर आलाय. म्हणजे पोरं शाळेला निघाली की दिवे लागतात आणि भाकरी थापून झाल्या की मालवतात.

गेले मी नगरपरिषदेत. विद्युत विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, त्यावर जुन्या फिटिंगा, होल्डर, एक फुटका चोक आणि एक साहेब. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "मॅडम, तुमच्या गल्लीचे दिवे रोज साडेचार तास चालू राहतात. ठरावाप्रमाणंच आहे." मी म्हटलं, अहो, पण दिवसा! तर म्हणतात, "ठरावात तास दिलेत, बाकी टायमरचा विषय ठेकेदाराकडे." ठेकेदाराला फोन लावा म्हटलं, तर तो लग्नात. चैत्र-वैशाखात आमच्याकडचा प्रत्येक ठेकेदार लग्नातच असतो.

ह्यांना कोणीतरी सांगा, 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम आहे, त्यात कलम 49 मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे नगरपरिषदेचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. परवडलं तर करा असं नाही लिहिलेलं. आणि आम्ही काय फुकट मागतोय? घरपट्टीच्या बिलात दिवाबत्ती कर वेगळ्या ओळीत छापून येतो. तो भरायला उशीर झाला की महिन्याला दोन टक्के शास्ती. आम्ही कर द्यायला उशीर केला तर शास्ती, ह्यांनी बारा तास उशीर केला तर निराकरण.

रात्री झोप लागेना म्हणून त्याच घरपट्टीच्या बिलामागं मी हिशेब मांडला. आमच्या गल्लीत चौदा खांब. वीस वॅटची एलईडी. चौदा वीसं दोनशे ऐंशी वॅट. अकरा ते साडेपाच, साडेसहा तास. एक पॉइंट ब्याऐंशी युनिट! अख्ख्या गल्लीची रात्र दोन युनिटांतसुद्धा जात नाही. आणि चौकातला हायमास्ट? दोनशे वॅटच्या सहा फिटिंगा, अकरा तास, म्हणजे तेरा युनिटांच्या वर. त्या एका हायमास्टात आमच्यासारख्या सात गल्ल्या उजळून निघतील. त्याच्याखाली रात्री दोनला कोण असतं? दोन कुत्री आणि बंद पडलेला टमटम. सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी लावले तेव्हा हीच मंडळी सांगत होती की बिल निम्म्यावर येणार, गाव उजळणार. केंद्राचा तो एलईडी पथदिव्यांचा कार्यक्रम 2015 च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून आम्ही बचत ऐकतोय. मग वाचलेलं निम्मं बिल गेलं कुठं? तिरंगी पट्ट्यांत?

त्या पट्ट्यांचा तर मला मनापासून राग आहे. देशप्रेमाला कोणाची ना नाही, पण गाडी चालवताना डोळ्यात केशरी-हिरवी लुकलुक आणि खाली खड्डा, हे कुठलं सुशोभीकरण? अर्ध्या पट्ट्या उंदरांनी कुरतडल्यात, नुस्ती हिरवी लागते. आणि दुसरा राग वाढदिवसाच्या बॅनरांचा. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला दिव्याच्या अगदी तोंडावर एका भावी नगराध्यक्षांचा बॅनर बांधलाय. भावी ते भावीच राहिले, निवडणूक झाली, पडले, पण बॅनर आहे. सकाळी दिवा लागतो तेव्हा मागून त्यांचं तोंड तेवढं उजळतं.

निवडणुकीचंही तेच. इतकी वर्षं प्रशासक होते, तेव्हा विचारलं की उत्तर यायचं, लोकप्रतिनिधी नाहीत, आम्ही काय करणार. 2025 च्या डिसेंबरात मतदान झालं, रांगेत उभं राहून केलं, आता लोकप्रतिनिधी आहेत. तर ते म्हणतात ठराव प्रशासकांच्या काळातला आहे, बघावं लागेल. बघा की मग! दिवसाच बघा, तेव्हाच उजेड असतो.

आणि आपलं नशीब तरी बघा. वीज तयार होते परळीत, आपल्याच मराठवाड्यात. तेही केंद्र 2015 मध्ये पाण्यावाचून बंद पडलं होतं, आठवतंय ना. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 2021 मध्ये तर थकबाकीपायी गावोगावच्या ग्रामपंचायतींचे पथदिवेच तोडले होते, माझ्या माहेरी तेव्हा लोक बॅटरी घेऊन देवळात जायचे. मला वाटलं होतं, आपण तालुक्याला आलो, सुटलो. उद्या उजेडही टँकरनं येईल आणि टँकर पुढच्या चौकातूनच परत जाईल.

एवढं सगळं मी काल जेवताना बोलले तर मुलगा म्हणाला, "आई, तू अर्ध्या रात्री मोबाइलच्या बॅटरीत युनिट काढत बसतेस, त्यात तुझाच फोन चार्ज करायला किती लागतं ते पण काढ." काढलं मी. किरकोळ निघालं. पण आता गल्लीत कोणाचा बल्ब उडाला तरी मलाच हाक येते. परवा शेजारच्या काकू त्यांच्या फ्रिजची तक्रार घेऊन आल्या होत्या. भाजीवालासुद्धा "लाइटवाल्या मॅडम" म्हणतो आणि कोथिंबीर मात्र पूर्ण पैशानं देतो. बावीस वर्षं गणित शिकवलं, कोणी गणितवाल्या मॅडम म्हटलं नाही.

तरी हसण्यावारी नेऊ नका. आमच्या गल्लीतली एक पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दुपारची ड्युटी संपवून घरी यायला तिला साडेअकरा होतात. चौकापर्यंत हायमास्ट, तिथून पुढं गुडूप. गटाराचं झाकण कुठं नाही हे तिला पाठ आहे म्हणून बरं. नगरसेवकांना हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, गेटावर तुमच्याच मीटरवरून एक बल्ब टाका ना, किती लागते लाइट त्याला?" म्हणजे हा हिशेब त्यांनाही येतो!

सोमवारी परत जाणार आहे. ह्या वेळी तक्रार उलटी टाकलीय, "सकाळी दिवे चालू राहतात, बंद करावेत." फोटो तोच जोडलाय, त्यांचाच, अंगठ्यासकट. कोणाला यायचं असेल तर अकराच्या आत या, नंतर साहेब चहाला जातात. आणि घरपट्टीची पावती बरोबर आणा, नाहीतर तोंड उघडायच्या आधी बाकी भरा म्हणतात.