मोरिया निव्वळ लोभापायी नाही बुडालं
टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मोरियावरचा तुमचा लेख आवडला, पण डोंगराखालच्या या राज्याचे ड्वार्फ (बुटके खाणकरी-कारागीर) 'लोभापायी बुडाले' असं एका वाक्यात उरकलंय ते काय पटलं नाही सर. मी कोल्हापूरचा, आजोळ हुपरी, मामा अजून पैंजणाच्या घुंगरांना झाळ देतो, मान वर न करता तासन्‌तास, त्यामुळं कारागिरांचं राज्य म्हटलं की माझा जीव गुंततो. मोरियात सापडणारा मिथ्रिल हा धातू सोन्याच्या दहापट किमतीचा, त्याच्यासाठी तर एल्फ (टोल्किनची अमर जमात) शेजारच्या एरेगिऑन मुलखात येऊन राहिले आणि ड्वार्फांचा नार्वी न एल्फांचा केलेब्रिंबोर दोघांनी मिळून पश्चिमेचा दरवाजा घडवला, खरी भरभराट ती होती बघा. मग सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशानं एरेगिऑन बेचिराख केलं, दरवाजे बंद, शेजार गेला, माणसं घटत गेली, त्यात बायका जेमतेम एक तृतीयांश म्हणजे वस्ती वाढणार ती पण लई सावकाश. मिथ्रिलची शीर कॅराध्रास डोंगराखाली खोल खोल जात होती, सगळं पोट तिच्यावरच, मग दुसरं खणणार काय? टोल्किनच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगात १९८० ला त्या खोलीतून बॅलरॉग हा आगीचा राक्षस उठला, त्यात राजा सहावा ड्युरिन गेला, पुढच्याच वर्षी त्याचा पोरगा नाइन पण, आणि उरलेले ड्वार्फ घर सोडून निघाले. हजार वर्षांनी बालिन नावाचा ड्वार्फ मोरिया पुन्हा वसवायला परत गेला तर पाच वर्षांत संपला. पुस्तकात तिथं आलो की अजून आवंढा येतो.