‘पुनर्’ लावलं की झालं? नाही झालं!

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्यातला दावा असा: जीर्णोद्धार, नूतनीकरण, पुनर्विकास, पुनरुज्जीवन या सगळ्यांचा अर्थ एकच, कुठल्याही शब्दाला ‘पुनर्’ जोडला की काम भागतं, आणि हे सगळे संस्कृत शब्द, मराठीकडे आपला एकही नाही.

‘अर्थ एकच’

शब्द निवडताना विचारायचं एवढंच: जुन्यातलं काय उरणार? लायसन्सचं नूतनीकरण होतं. माणूस तोच, परवाना तोच, मुदत वाढते. पुनर्विकासात इमारत पायासकट जाते. उरतात जमीन आणि सभासदांचे हक्क. म्हणून सभेच्या नोटिशीत ‘इमारतीचे नूतनीकरण’ असा विषय घालून पुनर्विकासाचा ठराव मांडणं म्हणजे विकतचं भांडण. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने दोन तृतीयांश गणपूर्ती आणि ५१ टक्के सभासदांची संमती ठरवून दिली आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ही अट लागू नाही. पुनर्वसन तर माणसांचं होतं, जसं १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पुण्यातल्या पूरग्रस्तांचं झालं.

शनिवारवाड्याचा ‘जीर्णोद्धार’ करा, ही मागणीही अशीच. जीर्ण म्हणजे झिजलेलं, पण असलेलं. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला. राहिले तट, दरवाजे आणि जोती. त्यावर वाडा उभारला तर ती पुनर्बांधणी. जीर्णोद्धार शोभेल तो विश्रामबागवाड्याला, जिथे कोरीव खांब अजून उभे आहेत.

आणि नदी? काठाला दगडी पायऱ्या, दिवे, फिरायला रस्ता हे सुशोभीकरण. पुण्याच्या मुठा नदीचं पुनरुज्जीवन म्हणायचं तर पाण्यात मासा जगायला हवा.

‘जीर्णोद्धार फक्त देवळाचा’

त्याच मजकुरातलं हे उपवाक्य. बारव, घाट, धर्मशाळा यांचाही होतो. उलट अडचणीचं उदाहरण देवळाचंच आहे: १७८० मध्ये अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचं मंदिर नव्याने बांधलं, तरी आपण जीर्णोद्धारच म्हणतो. इथे वरची कसोटी जरा ताणावी लागते. इमारत नाही, पण देवस्थान उरलं होतं.

‘पुनर् लावलं की झालं’

मुळात नूतनीकरण आणि जीर्णोद्धार यांत ‘पुनर्’ नाहीच. जिथे आहे, तिथे पुढचं अक्षर पाहावं लागतं. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन (ज, द, व असं) असेल तर र् येतो: पुनरुद्धार, पुनर्जन्म. कठोर (प, स असं) असेल तर विसर्ग राहतो: पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना, ‘पुनर्स्थापना’ चूक. च आला की श् होतो, म्हणून १८९९ च्या केसरीतल्या टिळकांच्या अग्रलेखाचं शीर्षक ‘पुनश्च हरि ॐ’. ‘पुनर्रचना’ संस्कृत नियमाने ‘पुनारचना’ व्हायला हवी होती (निर् + रोग = नीरोग, तसं), पण मराठीने पुनर्रचना पक्की केली आहे. ती बदलायला जाऊ नये.

फ्लेक्सवरच्या चुका ठरलेल्या. ‘पुर्नविकास’मध्ये रफार एक घर आधी पडतो आणि वाचताना ‘पुर्-न’ होतं. टाइप करताना न, र, हलन्त (पाय मोडायची खूण), व हा क्रम ठेवा, रफार आपोआप ‘वि’वर बसतो. ‘उध्दार’ नव्हे, उद्धार: आधी द, मग ध. ‘पुनरूज्जीवन’मधला रू ऱ्हस्व हवा, कारण तो ‘उत्’मधला उ आहे. ‘नुतनीकरण’मधला नू मात्र दीर्घ.

‘मराठीकडे आपले शब्द नाहीत’

पावसाआधी कौलं परततात, छप्पर शाकारतात. झाडाला पालवी फुटते. साप कात टाकतो, पण साप तोच राहतो. तेव्हा पाडलेल्या वाड्याच्या जागी टॉवर आला की ‘वाड्याने कात टाकली’ ही बातमी चुकीची. पितळी पातेल्याला कल्हई करतात: भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील आतून कापसाने फिरवायचं.

आणि पाट्याला टाकी लावतात. वाटून वाटून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीने बारीक खाचा पाडायच्या. इथे नवं करणं म्हणजे पुन्हा खरबरीत करणं. ‘नूतनीकरण’ म्हटलं तर हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. टाकी लावल्यावर पहिला मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायचा, नाहीतर चटणीत कच येते.