‘यंत्र सांगतं, डोळा नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पायाखालच्या खडकाच्या चाचणीवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘बारापैकी दोन नमुने तुटलेले वाटले म्हणून वगळायचे आणि त्याला अनुभव म्हणायचं? खडकाची ताकद यंत्र सांगतं, डोळा नाही. पानशेत अशाच भरवशावर फुटलं.’ उत्तराला आठवडा लागला, कारण आधी ते कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या गोल कांड्यांच्या पेट्या, पुन्हा उघडून बघायचे होते.

त्या दोन नमुन्यांबाबत तुमचं म्हणणं बरोबर आहे. बाणेरच्या एका प्लॉटवरचे ते कोअर. दाबाच्या चाचणीत ते दोन बाकीच्यांच्या निम्म्यालाही पोचले नाहीत. ‘कापतानाच चीर गेली असणार,’ असं मी विद्यार्थ्याला म्हणालो आणि त्याने ते आकडे काढून टाकले. मी हे आकडा बघितल्यावर म्हणालो, चूक तिथे झाली. मशीनवर चढवण्याआधी चीर दिसली असती आणि वहीत नोंदली असती, तर ते निरीक्षण झालं असतं. आकडा पटला नाही म्हणून शोधलेली चीर पुरावा होत नाही. त्याच्या प्रबंधात आता बाराही आकडे येतील, दोन धरून आणि दोन सोडून, दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी.

पण यंत्राने बोलावं आणि माणसाने गप्प बसावं, हा तुमचा उपाय मला मान्य नाही. एनएक्स या ठरावीक मापाच्या कोअरचा व्यास साधारण 54 मिलिमीटर. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर चार बोअर घेतले, तरी आपण खालच्या जमिनीचा एक लाखावा भाग बघतो. ते बोअर कुठे घ्यायचे हे कोणतंही यंत्र ठरवत नाही. त्यातही चाचणीला व्यासाच्या दोन-अडीच पट लांबीचा अखंड तुकडा लागतो. आपल्याकडे दोन लाव्हा-थरांच्या मध्ये रेड बोल लागतो, तो तांबडा, पाणी लागलं की मऊ पडणारा थर. त्याचा असा तुकडा क्वचितच हाती येतो. ड्रिलच्या पाण्याबरोबर तो वाहून जातो, नाहीतर बॉक्समध्ये चुरा होऊन पडतो. म्हणजे प्रयोगशाळेत पोचतो तो टिकलेला खडक, आणि सरासरी निघते ती टिकलेल्यांची. नमुने बाराचे पन्नास केले तरी हा दोष जात नाही. बॉक्समधली रिकामी जागा बघून ‘इथे काय होतं?’ असं विचारणारा माणूसच तो पकडतो. मला आता सलतंय ते हेच, की मी वगळलेले दोन तुकडे बहुधा त्या हरवलेल्या थराच्या सर्वांत जवळचे होते.

आरक्यूडीचंही, म्हणजे खडक किती अखंड आहे ते सांगणाऱ्या टक्क्याचंही, तसंच. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले ड्रिल केलेली लांबी. ऐकायला किती काटेकोर! पण ड्रिलने मोडलेला तुकडा अखंड धरायचा असतो आणि खडकात मुळातच असलेल्या भेगेवर, म्हणजे सांध्यावर, सुटलेला वेगळा. मोड ताजी की जुनी, हे तिच्या पृष्ठावरचा डाग आणि खरखरीतपणा बघून कुणीतरी ठरवतं. त्या टक्क्यांच्या आत डोळा आधीच बसलेला आहे. त्याचं नाव आणि कारण अहवालात यावं, एवढीच माझी मागणी आहे.

पानशेतबद्दल : 12 जुलै 1961ला ते फुटलं तेव्हा धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं. अपुऱ्या धरणात पावसाळ्याचं पाणी अडवणं हा मला अनुभवाचा निर्णय वाटत नाही. त्यापेक्षा कोयनेकडे बघा. तिथलं भूकंपाचं गणित तेव्हाच्या रीतीला धरून होतं : वजनाच्या 5 टक्के आडवा जोर, तळापासून माथ्यापर्यंत सारखाच. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपात मात्र धरण डोललं, माथ्याकडे हादरा वाढत गेला आणि जिथे धरणाच्या पाणी नसलेल्या बाजूचा उतार एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. आकडेमोड चोख होती, गृहीतक तपासलं गेलं नव्हतं. पुढे ते सुधारता आलं, कारण धरणातच बसवलेल्या यंत्राने हादऱ्याची नोंद ठेवली होती. यंत्राचा एवढा मान मीही ठेवतो.

पाया आणि मातीकामाचे अमेरिकी अभियंते राल्फ पेक यांनी 1969मध्ये निरीक्षण-पद्धतीची मांडणी केली, ती मी वर्गात शिकवतो. सर्वांत संभाव्य परिस्थिती धरून डिझाइन करा, प्रतिकूल निघाली तर काय कराल ते आधीच ठरवा, मग मोजत राहा. तिची मर्यादाही त्यांनीच सांगितली : काम चालू असताना डिझाइन बदलता येणार नसेल तर ही पद्धत वापरू नये. तळघराची खोदाई चालू असताना बाजूच्या भिंती धरून ठेवणारे अँकर वाढवता येतात. इमारत उभी राहिल्यावर पाया रुंद करणं जवळजवळ अशक्यच. म्हणून पायाच्या शिफारशीत ‘पुढे बघू’ म्हणण्याची मुभा मी स्वतःला देत नाही, आणि म्हणूनच ते दोन आकडे परत आले आहेत.

बॉक्स अजून आमच्या प्रयोगशाळेत आहेत, रिकाम्या जागांवर खडूने खोली लिहून ठेवली आहे. एखाद्या शनिवारी या. प्रत्येक मोड ताजी की जुनी हे तुम्ही तुमच्या कागदावर लिहा, मी माझ्या, आणि मग दोन्ही कागद प्रबंधाला जोडू.