गामाचं वजन

हडकुळा कुत्रा पाळला की लोक आधी त्याच्याकडे बघतात, मग संशयाने आपल्याकडे. आमचा गामा चिवावा. जात मेक्सिकोची, नाव पैलवानाचं, आवाज तालमीतला आणि वजन १ किलो ९०० ग्रॅम. लिफ्टमध्ये शिरलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हमखास विचारणार, “ह्याला खायला देता ना गं?”

“देतो हो, काकू.”

“मग जातं कुठे?”

तेच विचारायला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गामाच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. “ह्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. २ किलो ३०० पर्यंत नेऊ. पण खुराक वाढवण्याआधी जंत बघू. उद्या ताजी शी आणा.”

ठाण्याच्या नौपाड्यात सकाळी हातात डबी घेऊन निघालं की ओळखीचं माणूस भेटणारच. गोखले रोडवर मुलाच्या शाळेतल्या बाई भेटल्या. “काय, प्रसाद वाटतं?” म्हणत त्यांनी हातही पुढे केला. मी “औषध आहे, औषध” असं ओरडत रिक्षात उडी मारली.

जंत निघाले. त्यांचा बंदोबस्त गोळीने झाला. सासूबाईंचा कसा करायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंच्या मते अशक्तपणावर एकच औषध, साजूक तूप. “अगं, मोठा चमचाभर घातलं तर काय बिघडतं?” मी वही काढली. एवढ्याशा जिवाला नुसतं पडून राहायला दिवसाला ११० च्या आसपास कॅलरी लागतात आणि मोठ्या चमचाभर तुपात साधारण १२० असतात. वर एकदम इतकं तूप पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

“आमच्या वेळी कुत्र्यांना स्वादुपिंड नव्हतं,” असं म्हणून त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. त्यात मनुका. मनुका-द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात म्हटल्यावर डबा परत फळीवर गेला. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतो, म्हणून चिकनचा रस्साही बाद.

“मग खायचं काय त्याने, हवा?”

खायचं पिल्लांचं खाणं, कारण त्यात कॅलरी जास्त. दिवसातून चारदा, थोडं थोडं. वर बिनहाडाच्या उकडलेल्या चिकनचा नाहीतर अंड्याचा लहानसा तुकडा. नवं खाणं जुन्यात हळूहळू मिसळत न्यायचं, नाहीतर जुलाब, आणि आठवड्याची कमाई तलावपाळीच्या फुटपाथवर.

गामा चारही वेळा आधी वाटीचा वास घेतो, मग पनीर संपल्याचं कळलेल्या वऱ्हाड्यासारखा माझ्याकडे बघतो. नंतर चिकन तेवढं नेमकं वेचतो आणि उरलेलं नाकाने सोफ्याखाली ढकलतो. सासूबाई लगेच म्हणतात, “बघ, तुपाशिवाय उतरत नाहीये त्याला.”

वजन करायचा घरगुती उपाय म्हणजे त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. हा उपाय मी घरात कुणी नसतानाच करते. शिवाय आमचा काटा पन्नास-शंभर ग्रॅमला दाद देत नाही. म्हणून दर रविवारी खालच्या वाण्याकडे जातो. तो काट्यावर पेपर अंथरतो, आकडा शून्यावर आणतो आणि गामाला बसवतो. मागे रवा-पोहेवाले खोळंबलेले. त्यांच्यावर गामा भुंकतो, तसे आकडे नाचतात.

परवा ते नाचत नाचत २ किलो ३५० वर थांबले. वाणी सवयीने म्हणाला, “ताई, थोडं जास्त होतंय. राहू दे का काढू?”