मूठ तपासली, टाकी राहिली

जर्मनीतल्या घरगुती उपकरणांच्या कुठल्याही मोठ्या दुकानात ओव्हनची रांग लागलेली असते. दाराच्या मुठी क्रोमच्या, आरशासारख्या लखलखीत. मागच्या पट्टीवर विजेचा दाब, वॅट, 'सीई'चा शिक्का असे सगळे असते. ती मूठ क्रोम चढवणाऱ्या कुठल्या गावच्या टाकीत बुडून आली, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते आणि कायद्याने ते लिहिणे बंधनकारकही नाही.

पुण्याकडे सध्या युरोपच्या पुरवठा साखळी कायद्यांवर, म्हणजे पुरवठादारांकडे कामगार आणि पर्यावरण जपले जाते का हे कंपन्यांना पाहायला लावणाऱ्या कायद्यांवर, बराच वाद चालू आहे. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांना हे कायदे म्हणजे मागच्या दाराने लावलेला आयातकर वाटतो. इंद्रायणी-पवनेसाठी आणि कंत्राटी कामगारांसाठी झटणाऱ्यांना उलट आशा वाटते, की आपले सरकार ऐकत नसेल, पण परदेशी गिऱ्हाईक दम भरेल. या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात कायद्याचा मजकूर फारसा येत नाही. तो वाचला की चित्र वेगळे दिसते.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा 2021 मध्ये मंजूर झाला. 1 जानेवारी 2023 पासून तो देशात किमान 3000 कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला आणि 2024 पासून 1000 वाल्यांना. मोठ्या कंपनीला दंड होऊ शकतो तो तिच्या जागतिक उलाढालीच्या 2 टक्क्यांपर्यंत. अंमलबजावणी 'बाफा' या सरकारी कार्यालयाकडे आहे. पण कायद्याने मागितलेला आहे तो प्रयत्न, निकाल नव्हे. कंपनीने धोके शोधले, पुरवठादाराला अटी घातल्या, तक्रारीची सोय ठेवली, की बहुतेक जबाबदारी पार पडते. शिवाय हे सगळे मुख्यतः थेट पुरवठादारापुरते. त्याच्या पलीकडे पाहायचे ते ठोस माहिती हाती आली तरच. चाकणचा असेंब्लीवाला थेट पुरवठादार असतो. त्याला मूठ देणारा प्रेसशॉप दुसऱ्या पायरीवर, आणि त्या मुठीवर क्रोम चढवून देणारा जॉबवर्कवाला तिसऱ्या पायरीवर. गिऱ्हाईक कंपनीची प्रश्नावली पहिल्या पायरीवर भरली जाते आणि टाकी असते तिसऱ्या पायरीवर.

या कायद्यातले एक कलम पुण्यात जवळजवळ कुणी सांगत नाही. कामगारांच्या सुरक्षेबाबत हा कायदा कुठली जर्मन मोजपट्टी लावत नाही. काम जिथे चालते तिथल्या कायद्याने सांगितलेली सुरक्षा पाळली जाते का, एवढेच तो विचारतो. म्हणजे भोसरीतल्या कारखान्यासाठी मोजपट्टी आहे ती भारताच्या आणि महाराष्ट्राच्या नियमांचीच. 'गोऱ्यांचे निकष आमच्यावर लादले' हा आरोप इथे टिकत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: आपण आपले नियम सैल केले, की जर्मन कायद्याची पकडही तेवढीच सैल होते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितांनी विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणण्यासाठी लागणारा कामगारांचा आकडा 10 वरून 20 वर नेला. क्रोम प्लेटिंगची कितीतरी दुकाने या आकड्याच्या आतच चालतात. पुण्यातल्या चर्चेत हे सगळे 'उद्योगस्नेही सुधारणा' म्हणून एका खान्यात जाते आणि युरोपचा कायदा दुसऱ्या खान्यात. प्रत्यक्षात दोन्हींची मोजपट्टी एकच आहे.

आता मुठीकडे येऊ. युरोपात विकल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणांच्या भागांत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, प्लेटिंगवाले ज्याला नुसते 'हेक्झा' म्हणतात ते, वजनाच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. प्रयोगशाळेत मूठ तपासली जाते आणि पास होते. ती पास होणारच, कारण हेक्झा असतो टाकीत. वीज सोडल्यावर मुठीवर बसतो तो धातुरूप क्रोम, आणि त्याला ही मर्यादा लागूच होत नाही. खुद्द युरोपात 21 सप्टेंबर 2017 नंतर क्रोमिक ॲसिडची अशी टाकी चालवायला खास परवाना लागतो. बाहेरून तयार होऊन आलेल्या क्रोमच्या मुठीला मात्र त्या परवान्याची अट नाही. म्हणजे युरोपने आपल्या कामगाराला टाकीपासून दूर नेले आणि मूठ आत येऊ दिली. युरोपच्या धोरणातली ही फट मला सर्वांत अन्यायाची वाटते, कारण ती कुणाच्या हलगर्जीपणाने राहिलेली नाही, कायद्यातच आहे.

त्या टाकीत काय असते? लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड, त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे सल्फ्युरिक, तापमान 40-45 अंश. सोडलेल्या विजेचा 10 ते 20 टक्के भागच क्रोम बसवतो. बाकीची वीज पाणी फोडून हायड्रोजन काढते. ते बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि आम्लाचे बारीक तुषार थेट काठावर उभ्या असलेल्या हेल्परच्या नाकात जातात. टाकीच्या ओठालगत ओढणारा एक्झॉस्ट नसेल, किंवा वीजबिल वाचवायला तो बंद ठेवला असेल, तर आधी नाकातून रक्त येते, मग नाकाच्या पडद्याला जखम होते आणि पुढे भोक पडते. हाताच्या भेगांतून ॲसिड गेले की खोल व्रण होतात आणि ते महिनोन्‌महिने भरत नाहीत. महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मध्ये क्रोम प्लेटिंग धोकादायक कामांत मोडते आणि कामगारांची ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी सक्तीची आहे. हे गिऱ्हाईकाच्या प्रश्नावलीत कुठे विचारलेले असते? तिथे 'आरोग्य व सुरक्षा धोरण आहे का', असा प्रश्न असतो, आणि उत्तर 'हो'.

नदीचे गणितही याच टाकीपाशी सुरू होते. मुठी टांगलेला जिग टाकीतून वर काढला, की त्याच्या अंगावरून गाढे द्रावण ओघळत असते. तो 15-20 सेकंद टाकीवरच निथळू दिला तर बराचसा हेक्झा टाकीत परत पडतो. न निथळता धुण्याच्या टाकीत गेला, की तेच क्रोम पाण्यात. पण जॉबवर्कचा दर ठरतो नगावर किंवा किलोवर, आणि तो वर्षानुवर्षे घासून कमी केला जातो. जिगमागे 15 सेकंद म्हणजे दिवसाला दोनशे जिग धरले तर 50 मिनिटे. ती 50 मिनिटे कुणीच विकत घेत नाही. खरेदी खात्याने वर्षअखेरीस मागितलेली दरकपात शेवटी इथे, या निथळण्याच्या सेकंदांतून वसूल होते.

धुण्याचे पिवळे पाणी साफ करणे अवघड नाही, पण पायऱ्या चुकवून चालत नाही. आधी ॲसिड घालून पीएच 2 ते 3 वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळा रंग जाऊन पाणी हिरवट झाले, की हेक्झाचा ट्राय, म्हणजे क्रोमियमचे कमी विषारी रूप, झाला. मग चुना घालून पीएच 8.5 ते 9, म्हणजे क्रोम गाळ होऊन खाली बसतो. गाळ फिल्टर प्रेसमधून दाबून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाची मर्यादा आहे लिटरला 0.1 मिलिग्रॅम. नेहमी होणारी चूक म्हणजे पीएच खाली न आणताच मेटाबायसल्फाइट ओतणे. तसे केले की क्रिया इतकी मंदावते, की औषध संपते आणि पाणी पिवळेच राहते. दुसरी चूक जिवावरची असते. सायनाइड वापरणाऱ्या दुसऱ्या प्लेटिंगच्या टाकीचे पाणी याच आम्लाच्या टाकीत वळवले तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. ते पाणी वेगळ्या नळानेच न्यायला हवे आणि त्याची प्रक्रिया पीएच 10 च्या वर, क्लोरीनने.

खरेदीदाराला खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर त्याला प्रमाणपत्र नको, दोन बिले हवीत: क्रोमिक ॲसिडचे आणि मेटाबायसल्फाइटचे. 100 किलो क्रोमिक ॲसिडमध्ये 52 किलो क्रोमियम असते. त्यातले अर्धे धुण्याच्या पाण्यात गेले असे धरू, म्हणजे 26 किलो. एक किलो हेक्झाला रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे पावणेतीन किलो मेटाबायसल्फाइट लागते, प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणजे किमान 70 किलोचे बिल दिसायला हवे. ते 10 किलोचे असेल आणि निथळण्याची किंवा द्रावण परत टाकीत घेण्याची सोय दिसत नसेल, तर ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारा प्लांट, पाहुण्यांपुरताच चालतो. तिसरा कागद म्हणजे घातक कचरा पाठवल्याचा नमुना 10. गाळ निघालाच नसेल, तर पाणीही साफ झालेले नाही. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

प्रमाणपत्रावर विसंबण्याची किंमत जगाने मोजून झाली आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला 11 सप्टेंबर 2012 रोजी आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले. मुख्य गिऱ्हाईक जर्मन होते, आणि काही आठवड्यांपूर्वीच कारखान्याला 'एसए 8000' हे सामाजिक प्रमाणपत्र मिळालेले होते.

पुण्यात दुसरी टोकाची पद्धत दिसली ती फेब्रुवारी 2025 मध्ये, चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने सरसकट पाडले तेव्हा. प्रदूषणाचे कारण खोटे नव्हते. पण पाडकामाने जिगमागचा दर बदलत नाही. ऑर्डर तीच, तारीख तीच, मग काम आणखी आडबाजूच्या शेडमध्ये जाण्याचीच शक्यता जास्त. पाच-दहा प्लेटिंगवाल्यांना मिळून क्रोम आणि सायनाइडचे वेगळे नळ आणि एक सामायिक प्रक्रिया केंद्र दिले, तर एकट्याला न परवडणारा खर्च वाटला जातो. त्यात गिऱ्हाईकानेही पैसे घालायला हवेत, कारण मूठ त्याची आहे.

इकडे युरोपही मागे सरकतो आहे. जर्मन मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कंपन्यांची अहवाल देण्याची सक्ती काढण्याचा मसुदा मंजूर केला. युरोपीय संघाच्या अशाच पुरवठा साखळी निर्देशाची व्याप्ती डिसेंबर 2025 मधल्या तडजोडीत 5000 कर्मचारी आणि दीड अब्ज युरो उलाढालीच्या वरच्या कंपन्यांपुरती उरली, आणि अंमल 2029 वर गेला. पुण्यातल्या काहींना याचा आनंद झाला. तो मला पटत नाही. लघुउद्योजकाला त्रास होतो तो तीस पानी प्रश्नावलीचा आणि न वाढणाऱ्या दराचा, हे अगदी मान्य. बाफानेही 2023 मध्येच कंपन्यांना बजावले होते, की आपली जबाबदारी सरसकट पुरवठादारावर ढकलता येणार नाही. ते पत्रक गिऱ्हाईकासमोर ठेवून दर वाढवून मागायची संधी भोसरीच्या संघटनांकडे आहे: निथळण्याच्या वेळेचा खर्च, मेटाबायसल्फाइटचा खर्च, गाळाच्या वाहतुकीचा खर्च, कोटेशनमध्ये वेगळ्या ओळींत.

आणि हेल्परसाठी काही गोष्टी आजच होऊ शकतात. नव्या संहितेत धोकादायक कामांसाठी कामगारसंख्येची अट अधिसूचनेने बाजूला ठेवण्याची तरतूद आहे. क्रोम प्लेटिंग त्या अधिसूचनेत यावे, म्हणून पुण्यातल्या कामगार संघटनांनी आता निवेदन द्यायला हवे. जर्मन कायद्याप्रमाणे कंपनीला ठेवावी लागणारी तक्रारीची सोय साखळीतल्या तिसऱ्या पायरीवरच्या माणसालाही खुली असते. तिथे उत्तर मिळाले नाही तर त्याला थेट बाफाकडे जाता येते. त्या सोयीचा पत्ता चाकणच्या स्वागतकक्षात इंग्रजीत लावून उपयोग नाही. तो भोसरीच्या शेडमध्ये मराठीत आणि हिंदीत, टाकीशेजारी हात धुतात त्या नळाच्या वर लावायला हवा.