अकरा सूत असं काही नसतं

सुतारानं फोनवर सांगितलं, "साहेब, अकरा सुताचे स्क्रू आणा, शंभर नग. तोवर मी चहा घेतो." मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन हेच वाक्य म्हणून दाखवलं, चहा वगळून.

"अकरा सूत असं काही नसतं," दुकानदार वर न बघता म्हणाला.

ज्यांच्या घरात अजून सुतार शिरलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. तेव्हा अकरा सूत हे असतं. टेप उघडा, आठव्या भागाच्या रेघा मोजा, अकरावी सापडेल.

"सुतारानंच सांगितलंय."

"सुतार काय, काहीही सांगतो. तुम्ही सरळ सांगा."

"सरळच सांगतोय. अकरा."

इथं थिनरच्या डब्यावर बसलेले आजोबा हलले. ते गिऱ्हाईक नव्हते आणि मालही नव्हते, मधलंच काहीतरी होते. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी होती. पहिल्या इंचाच्या रेघा अंगठ्यानं घासून घासून जवळजवळ पुसल्या गेलेल्या. लेथवर आयुष्य काढलेला माणूस, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग विचारलं, "शिक्षण काय झालंय?"

"इंजिनिअर आहे," मी जमेल तितक्या हळू म्हणालो.

"कशातले?"

"कॉम्प्युटर."

"हां."

त्या 'हां'नंतर मला सोडून जाता आलं असतं. पण घरी सुतार तासाच्या मजुरीवर होता.

"अकराला आठानं भागा."

"कशाला?"

"भागा हो."

"एक."

"मोठ्यानं. याला कमी ऐकू येतं." दुकानदाराला उत्तम ऐकू येत होतं, तो नुसता हसत होता.

"बाकी?"

"तीन."

"मग झालं की! भागाकार बाहेर, बाकी वर, भाजक खाली. एक इंच तीन सूत. माणसानं आधी अख्खं मागावं, तुकडा मागनं."

"हां, एक इंच तीन सूत. असं बोला ना," दुकानदार म्हणाला आणि शिडीकडे वळला. माझ्या लेखी विषय संपला होता. आजोबांच्या लेखी तोंडी परीक्षा आत्ता कुठं सुरू झाली होती.

"एकोणतीस सूत?"

"तीन इंच पाच सूत."

"चोवीस?"

"तीन इंच."

"बाकी?"

"बाकी नाही."

"नाही कशी? बाकी शून्य!"

"शून्य म्हणजे नाहीच ना, आजोबा."

"उद्या बँकेत शून्य रुपये निघाले तर काय, खातंच नाही म्हणणार?"

नळाच्या वायसरसाठी थांबलेल्या एक बाई फिसकन हसल्या. दुसऱ्या कुणाची परीक्षा असती तर मीही हसलो असतो.

एवढ्यात मोबाइलवर मॅच बघणारा दुकानातला पोरगा ओरडला, "अजून बावीस बॉल!" आणि शिडीवरून दुकानदार, "तीन ओव्हर चार बॉल." त्याला नाही कुणी भागायला लावलं! पडद्यावर १६.२ षटकं दिसत होती, म्हणजे खरं तर सोळा पूर्णांक दोन छेद सहा. दशांश चिन्हाचा एवढा उघड गैरवापर अख्खा देश रोज चवीनं बघतो. कुणाचा अर्धा मार्क जात नाही.

तसं आपल्याला अख्खं आधी आणि तुकडा नंतर हेच आवडतं, हे मान्य. शनी एका राशीत अडीच वर्षं, अशा तीन राशी, म्हणजे पंधरा छेद दोन. पण 'माझी पंधरा छेद दोन चालू आहे' असं म्हणणाऱ्याला सहानुभूती कोण देणार? आणि देवीची साडेतीन पीठं बघा. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. बाकीला स्वतःचा गड आहे, असं भागाकाराचं दुसरं उत्तर माझ्या माहितीत नाही. मात्र सोयीचं असेल तिथं हीच मंडळी तुकडे अख्खे करत नाहीत. गृहकर्ज देताना बँक २४० हप्ते म्हणते. बारानं भागून दाखवलं तर गिऱ्हाईक तिथंच खुर्चीत आडवं होईल.

माझा खरा राग वेगळाच आहे. मुलगी सहावीत आहे. परीक्षेत गणित आलं, २ ३/४ गुणिले १ १/२. यात आधी दोन्ही संख्यांचे अंशाधिक, म्हणजे छेदापेक्षा अंश मोठा असलेले, अपूर्णांक करायचे, ११/४ आणि ३/२. गुणाकार ३३/८. तिनं तेच लिहिलं. अर्धा मार्क कापला, शेजारी लाल शेरा: 'पूर्णांकयुक्त करा,' म्हणजे ४ १/८ लिहा. प्रश्नात तसं कुठंही म्हटलेलं नव्हतं, मी प्रश्नपत्रिका उलटसुलट वाचली. म्हणजे इस्त्रीची घडी तुम्हीच मोडायला लावणार आणि परत घातली नाही म्हणून दंडही तुम्हीच करणार! बरं, आणखी थोड्या वर्षांनी बीजगणित आलं की क्ष = ३३/८ असंच ठेवतात. तिथं ४ ला चिकटून १/८ लिहिलं तर मध्ये अधिक आहे की गुणिले, असा घोळ होतो. थोडक्यात, जे उत्तर मोठेपणी शहाणपणाचं ठरतं ते पोरीनं आधी लिहिलं, म्हणून अर्धा मार्क गेला. हे मी पालकसभेत बोललो. बाईंनी वहीत टिपून घेतलं. काय टिपलं ते दाखवलं नाही.

तर शिडी. दुकानदार खाली उतरला आणि त्यानं खोका काउंटरवर ठेवला. त्यावर ठसठशीत छापलेलं: ३५ मिमी. सूत नाही, इंच नाही, बाहेर काही नाही, वर-खाली काही नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. अकरा सूत म्हणजे ३४.९ मिलिमीटर, खोक्यावर सरळ पस्तीस.

"यावर तर पस्तीस लिहिलंय," मी म्हणालो. आवाज थोडा चढला असावा, कारण वायसरवाल्या बाई मागं सरकल्या.

"मग पस्तीस एमएम म्हणायचं ना आधीच," दुकानदार म्हणाला. "आणि शंभर सुटे नाही मिळत. ग्रोस घ्यावा लागेल, एकशे चव्वेचाळीस."

"शंभर छेद एकशे चव्वेचाळीस," आजोबा डब्यावर पुढं सरकले. "आता याला संक्षिप्त रूप द्या बघू."

मी अख्खा ग्रोस घेतला.