‘सहा हजार कोटी दिले तरी रडगाणं’ म्हणणाऱ्या सरांना

सर, तुमचं म्हणणं असं की वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारने प्रकाशकांना सहा हजार कोटी मोजले, संशोधनाची तेरा हजार जर्नल्स पोरांच्या लॅपटॉपवर आली तरी माझं ओपन ॲक्सेसचं, म्हणजे संशोधन सगळ्यांना फुकट वाचता यावं याचं, रडगाणं चालूच, आणि ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे घेऊन कचरा छापायचा धंदा. उत्तर जरा लांबेल.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? उलट सरकारी कॉलेजातल्या एमएस्सीच्या पोराला एल्सेव्हियर, वायली, स्प्रिंगर अशा बड्या प्रकाशकांचं सगळं घरबसल्या मिळतंय, आधी ही चैन मोठ्या संस्थांचीच होती. झकास आहे. पण ही वर्गणी आहे हो, २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची. वर्षाला दोन हजार कोटी, लाभार्थी १.८ कोटी, म्हणजे माणशी अकराशे रुपये, स्वस्त वाटतं, पण त्या १.८ कोटींत एफवायबीएची पोरंपण मोजलीत, त्यातली किती जणं रसायनशास्त्राचं जर्नल उघडणारेत? आणि २०२७ नंतर सगळ्या देशाला सवय लागल्यावर प्रकाशक भाव कमी करतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

मुख्य म्हणजे दार उघडलं ते फक्त यादीतल्या साडेसहा हजारांच्या आसपास संस्थांना. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर घ्या, संशोधनाचा पेपर सरकारी दवाखान्यातल्या पेशंटवरचा, संशोधनाला पैसा सरकारचा, आणि ह्याने लिंक उघडली की सारांशाच्या खाली तीसेक डॉलर मागतात. टॅक्स तोही भरतोच ना. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या एनआयएचने १ जुलै २०२५ पासून नियम केलाय की आमच्या पैशातून झालेला पेपर छापला त्या दिवशीच सगळ्यांना फुकट वाचता आला पाहिजे, मी मागतोय ते एवढंच. आणि ‘पेपर चोरून फुकट देणारी साय-हब वेबसाइट आहेच की’ असं कृपया म्हणू नका, दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते ब्लॉक करायला लावलंय.

आता कचऱ्याचं. कचरा आहे, मान्य. ‘तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत’ वाले मेसेज प्राध्यापकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. पण ते ओपन ॲक्सेसने आणले का? प्रमोशनला पॉइंट लागतात, पॉइंटला पेपर लागतो, म्हणून दुकानं निघाली. यूजीसीने २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्यताप्राप्त जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली, मग पुणे विद्यापीठाच्या मदतीने केअर लिस्ट ही नवी यादी आणली, २०२५ मध्ये तीही गुंडाळली. पॉइंटची भूक मात्र तशीच.

पेपर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवायचा म्हणून लेखकाकडून फी घेणं ही वेगळी लूट आहे आणि त्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. नेचर जर्नलने एका पेपरला ९,५०० युरो लावले तेव्हा आपल्याकडच्या मास्तराने काय करायचं? पण फी म्हणजे ओपन ॲक्सेस नव्हे. २०२३ मध्ये न्यूरोइमेज या मेंदूविज्ञानाच्या जर्नलच्या संपादकांनी, प्रकाशक लेखकांची फी कमी करेना म्हणून, एकगठ्ठा राजीनामे देऊन दुसरं जर्नल काढलं. आणि परळच्या केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन वाचक-लेखक दोघांनाही फुकट ठेवून वर्षानुवर्षं चाललं, तेही कॉलेजच्या स्टाफ सोसायटीने चालवलेलं, त्याला तुम्ही कचरा म्हणणार का? त्या सहा हजार कोटींतले शंभर-दीडशे जरी असल्या जर्नल्सच्या संपादकांना, प्रूफवाल्यांना, सर्व्हरला दिले असते तर काय बिघडलं असतं, एवढं सांगा.